केसांच्या खोलीतून

"ही जांभळी का दिसतेय?" दिग्दर्शकाने विचारलं.

विचारलं कोणाला, ते कळायला मार्ग नव्हता, कारण त्याची नजर मॉनिटरवरून हलली नव्हती. मॉनिटरभोवती सातआठ माणसं होती आणि प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याला विचारलंय. बेबीताई सगळ्यांच्या मागे, हाताची घडी घालून, नेहमीच्या जागी उभी होती. रंगभूषेची प्रमुख म्हणून इतकी वर्षं काढली, पण मॉनिटरसमोर पुढे जाऊन ती कधी उभी राहिली नाही. आपणच रांधायचं आणि आपणच वा वा म्हणायचं, हे तिला पटत नसे.

तिने मान उंचावून पाहिलं. सकाळपासून खपून केलेली म्हातारी पडद्यावर बसली होती. नायिका पस्तिशीची, पण आता सत्तरीची वाटत होती. गाल बसलेले, ओठांच्या कडांना बारीक चुण्या, डोळ्यांखाली जागरणाच्या पिशव्या. चांगली उतरली होती की! जांभळं कुठे होतं?

"लाइट बघू का?" कॅमेरामन म्हणाला.

"लाइटचं काही नाही. मागची भिंत पांढरीच दिसतेय ना? चेहराच जांभळा आहे." दिग्दर्शक आता वळला. "बेबीताई, मला म्हातारी हवी होती हो. ही तर गारठून गेलीय."

कोणीतरी फिसकन हसलं. बेबीताईने आधाराला म्हणून आपल्या माणसांकडे पाहिलं. तिचा थोरला भाऊ, दादा, विग करायचा आणि कंपन्यांशी बोलणी करायचा. तो छताकडे बघत होता, जणू काही छत आजच घातलंय. केसांचं काम बघणारी वहिनी लाकडी डोक्यावरचा विग विंचरत होती, तो मुळातच विंचरलेला होता. आणि बेबीताईची मुलगी, जिला चाळिशी जवळ आली तरी सगळे बारकीच म्हणत, ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती. तिघांपैकी एकानेही 'छे, जांभळी कुठे' म्हटलं नाही.

"जेवणानंतर पुन्हा एकदा बघू," दिग्दर्शक म्हणाला. आवाज गोड होता, पण मुद्दा सोडणारा नव्हता. "अख्खा चित्रपट या म्हातारीवर उभा आहे, बेबीताई. हा विभाग कोण सांभाळणार, ते मला आज संध्याकाळच्या आत वर, निर्मात्यांना, कळवायचंय."

बेबीताईने हाताची घडी सोडली. 'कोण' म्हणजे काय? या कुटुंबात हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. आधी वडील, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, आणि मास्तरांनंतर ती. मध्ये स्वल्पविरामसुद्धा नव्हता.

मेकअपच्या खोलीत आल्या आल्या तिने आपला डबा उघडला. लांबट खोली होती. एका भिंतीला आरसे, आरशांभोवती दिवे, कोपऱ्यात बेसिन आणि पलीकडे केसांच्या खोलीत उघडणारं आतलं दार. मास्तरांची शिस्त अशी की चेहरा आधी इथल्या खुर्चीत व्हायचा, मग आतल्या दाराने केसांच्या खोलीत जायचा, आणि तिथून परस्पर कॅमेऱ्यासमोर. आपल्या खुर्चीतून उठलेल्या चेहऱ्यामागे रंगवणाऱ्याने धावायचं नाही, हेही मास्तरांचंच. बेबीताई ते व्रतासारखं पाळत आली होती. आज मात्र दिग्दर्शकाला घाई. केस राहू देत, आधी चेहराच बघू, असं म्हणून त्याने नायिकेला या खुर्चीतून थेट कॅमेऱ्यासमोर नेलं होतं.

"माझ्या डब्याला कोणी हात लावला होता?" बेबीताईने विचारलं.

नायिका खुर्चीत बसून तोंडाला तेल चोळत होती. मागची मालिकाही तिने याच कुटुंबाबरोबर केली होती, त्यामुळे ती घरच्यासारखीच होती, आणि घरच्यांसारखीच कुठे काय बोलावं याचा तिला पोच नव्हता.

"ताई, तुम्ही इतकं मनाला लावून घेऊ नका," ती डोळे मिटून म्हणाली. "आज मी आत गेलेच नाही ना! बारकीचा हात फिरायचा राहिला."

"कसला हात?"

"तो नाही का, रोजचा. तुमचं झालं की आत बसवून ती स्पंजने..." नायिकेने एक डोळा उघडला. आरशात तिला चार चेहरे दिसले. उघडलेला डोळा तिने पुन्हा मिटला, मग दोन्ही उघडले आणि ती उठली. "मी जेवून येते हं," असं म्हणत ती अर्ध्या तेलकट तोंडानेच बाहेर सटकली.

दार लागलं. बेबीताई मुलीकडे वळली.

"काय म्हणाली ती?"

"काही नाही गं, आई. थोडंसं शेवटचं पुसपास असतं..."

"पुसपास? माझ्या चेहऱ्यावर?"

"बेबी, आता पुरे झालं," दादा मध्ये पडला. "झाकली मूठ होती तोवर सव्वा लाखाची होती. आज उघडली. आता सरळ बोलू या." त्याने घसा खाकरला. सरळ बोलायचं ठरवलं की त्याचा घसा हमखास बसायचा. "तुला रंग नीट दिसत नाहीत. जांभळा तर अजिबातच कळत नाही. तू लावत सुटतेस, आणि बारकी आत बसून त्यावर पिवळट चढवून तो जांभळा झाकते."

"मला रंग दिसत नाहीत? मला?" बेबीताई हसली. खरोखरच हसू आलं तिला. "सुईत दोरा ओवून दाखवू? आत्ता? चष्मा काढून?"

"मलाही ओवता येत होता," वहिनी हळूच म्हणाली. "वन्सं, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाचं सांगू? पट्टी काढून घरी आले, तर भिंती पांढऱ्याशुभ्र. मी ह्यांच्यावर ओरडले, मला न विचारता रंग काढलात म्हणून! ह्यांनी कुठला रंग काढलाय? भिंती होत्या तशाच होत्या. मलाच कितीतरी वर्षं पिवळ्या दिसत होत्या. तेव्हाच माझ्या डोक्यात तुमचं आलं. मीच आधी बारकीला बोलले."

"म्हणजे तू! काखेत कळसा, आणि मी दिग्दर्शकावर संशय घेत बसलेय." बेबीताईला आता कोणावर आधी चिडावं ते समजेना. वहिनीवर चिडायला घ्यावं तर दादाचा चेहरा समोर येत होता, दादावर घ्यावं तर बारकीचा. "आणि डोळ्यांचं असेल तर मला सांगायचं नाही? मी काय परकी आहे?"

"सांगायचं कोणी? मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची?" दादा म्हणाला. "तू एकदा चिडलीस की आठवडाभर घरात भांडीसुद्धा दबकून वाजतात."

"मी चिडते?" बेबीताई ओरडली.

वहिनी एक पाऊल मागे सरकली.

ती खुर्चीत बसली. ही खुर्ची चेहऱ्यांची. तिच्यात ती स्वतः सहसा बसत नसे. समोरच्या आरशात तिला आपलाच चेहरा दिसला आणि तो नेहमीसारखाच दिसला, हीच मोठी पंचाईत होती. चूक दिसली असती तर चूक कबूल करता आली असती. पण दिसतच नाही ते कबूल कसं करायचं? की हे तिघं मिळून काही शिजवतायत? दादाला गेली दोन वर्षं वाटतंय की विभाग आता तरुण हातात जावा, कंपन्या तरुण नावं मागतात. मग आज सकाळी नेमकी घाई व्हावी, नेमके केस राहावेत? आणि दिग्दर्शकाला तर दादाचं कारस्थान माहीत असायचं कारण नाही. त्याने स्वतःहून जांभळी म्हटलं. की त्यालाही सांगून ठेवलंय? एक धागा ओढला की दुसरा गुंतत होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मागच्या मालिकेपासून," बारकी म्हणाली. "अर्ध्यापासून. आधी अगदी थोडं होतं."

"म्हणजे जिला बक्षीस मिळालं ती?"

बारकीने मान खाली घातली.

बेबीताईने मनातल्या मनात एकेक चेहरा समोर आणला. भाजलेली सासू. देवीच्या व्रणांचा न्यायाधीश. दारुडा डॉक्टर, ज्याच्या नाकाचा लालपणा बघून परीक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. ते नाक कोणाचं? तिचं, की केसांच्या खोलीतलं? ती व्यासपीठावर गेली होती, मास्तरांचं नाव घेऊन रडली होती, आणि ही पोर खाली तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. तिला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा राग आला.

"थांब," ती एकदम म्हणाली. "म्हणून का तू मला सारखी पिवळी दिसतेस? मी तुला कावीळ झालीय म्हणत होते ते..."

"मी दोनदा रक्त तपासून आले, आई. तुझ्या समाधानासाठी."

वहिनीला हसू फुटलं. तिने तोंडावर विग धरला. बारकीही हसली, आणि क्षणभर बेबीताईलाही वाटलं की हसून हे सगळं संपवून टाकावं. पण दादाला हीच संधी वाटली.

"हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. मी विचार केलाय. दिग्दर्शकाला सांगू, प्रमुख बारकी. तू मार्गदर्शक."

"मार्गदर्शक म्हणजे खुर्ची टाकून चहा पीत बसायचं. कळतं मला. तुझा विचार आजचा नाही, दादा. यात केव्हापासूनच पाणी मुरतंय."

"मुरतंय तर मुरतंय! काम घरात राहायला हवं की नको? मास्तरांनी उभं केलेलं..."

"मला आईची खुर्ची नकोय, मामा," बारकी म्हणाली.

दादाचं तोंड उघडंच राहिलं. आणि बेबीताईचं डोकं असं काही गरगरलं होतं की तिला हेही लागलं.

"का? काय वाईट आहे माझ्या खुर्चीत?"

"आई, मी तुझ्या बाजूने बोलतेय!"

"माझ्या बाजूने? माझ्या पाठीमागे माझे चेहरे पुसायचे आणि माझ्या बाजूने! एकदा तरी म्हणायचंस, आई, हा गाल चुकला. लहानपणी तर माझ्या स्वयंपाकात सतरा चुका काढायचीस."

"आणि म्हटलं असतं तर? तू दुसऱ्या दिवशी डबा बंद केला असतास आणि पुन्हा उघडला नसतास. मला माहितीय ना तू कशी आहेस. मला वाटलं, अजून थोडे दिवस, एवढी मालिका, एवढा चित्रपट... मला काय हौस होती? रोज तू केलेल्या चेहऱ्याला हात लावताना चोरी केल्यासारखं वाटायचं."

"मग घ्यायची होतीस उघड. मामा देतोच आहे खुर्ची."

"तिला स्वतःची मिळत होती," वहिनी म्हणाली.

"मामी!" बारकी ओरडली.

"अगं, किती दिवस मूग गिळून बसू? मला आता पचत नाहीत ते." वहिनीने विग लाकडी डोक्यावर उपडा टाकला. दादाने तिला डोळ्यांनी गप्प बसवायचा प्रयत्न केला, तर तिने त्याच्याकडे सरळ पाठ फिरवली. "वन्सं, एका ऐतिहासिक मालिकेवाल्यांनी हिला प्रमुख म्हणून बोलावलंय. लांबच्या गावी, दोन वर्षांचं काम. हिने नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तरी नाही. काल पुन्हा फोन आला. आज उत्तर द्यायचंय, ते आजही नाहीच असणार."

"का?" बेबीताईने विचारलं. विचारता विचारताच उत्तर तिला कळलं होतं.

"ती गेली तर केसांच्या खोलीत बसायचं कोणी?"

"मला हे माहीत नव्हतं," दादा म्हणाला. आज पहिल्यांदाच तो खरोखर जमिनीवर आल्यासारखा बोलला. पण सवय जाते थोडीच? "नाही म्हटलं ते बरंच झालं म्हणा. घरचं काम असताना..."

"तुम्ही जरा विग बघा तो," वहिनी म्हणाली.

जेवायला कोणी गेलंच नाही. नायिका परत आली तेव्हा चौघंही होते तिथेच होते. बेबीताईने हात धुतले, पुसले आणि खुर्चीवरची धूळ झटकली. "ये, बस," ती नायिकेला म्हणाली. "पुन्हा करू."

ती कामाला लागली तशी खोली निवळली. तिचा हात बघण्यासारखा होता, तो काही डोळ्यांबरोबर म्हातारा झाला नव्हता. नायिकेला ती मध्येच हसायला सांगे, मध्येच भुवया ताणायला, आणि जिथे कातडी स्वतःहून मोडते तिथेच रेघ ओढी. एकही सुरकुती मनाने काढत नसे. गालाचं हाड वर आलं, हनुवटीखालचं मांस सैल पडलं. रंग मात्र तिने आज चाचपडत घेतले. प्रत्येक डबी उचलताना ती थबकत होती. जांभळ्या डबीवर बोट टेकलं, काढलं, पुन्हा टेकलं. ही जास्त झाली की कमी? नेहमीचा हात किती? आणि नेहमीचाच तर चुकतोय ना? मग निम्मा घेऊ? कशाचा निम्मा? शेवटी तिने डोळ्याला बरं वाटलं तेवढं घेतलं. दुसरं घेणार तरी काय होती?

झाल्यावर नायिका सवयीने उठली आणि आतल्या दाराकडे वळली.

"बस," बेबीताई म्हणाली.

नायिका बसली. बाहेरच्या दारात दिग्दर्शक आणि कॅमेरामन येऊन उभे राहिले होते. दिग्दर्शकाने चेहरा पाहिला आणि त्याच्या कपाळावर आठी आली. तो काही बोलणार, तेवढ्यात बेबीताई मुलीकडे वळली.

"तुझा तो स्पंज आण."

"आई, आत घेऊन जाते ना मी हिला..."

"आत नाही. इथे. चुकलंय तिथे पूस. माझ्यादेखत."

बारकीने मामीकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. कोणी मदतीला येईना, तेव्हा तिने स्पंज आणला. आधी डोळ्यांखाली टेकवला, मग कानशिलांवर, मग ओठांच्या कोपऱ्यांत. रेघ तिने एकही मोडली नाही. आईच्या रेघांच्या आतून ती असा हात फिरवत होती, जसं शेतात बांध न तुडवता कोणी पाणी द्यावं. बेबीताई वाकून, नाक लागेल इतक्या जवळून बघत होती. मास्तरांच्या हाताकडे तिने लहानपणी असंच बघितलं होतं, काहीही निसटू नये म्हणून.

"हं!" दिग्दर्शक म्हणाला. "आता कशी जिवंत झाली! आता माझी म्हातारी."

"मस्त," कॅमेरामन म्हणाला. दादाने सुटकेचा श्वास सोडला. वहिनीचा चेहरा उजळला. नायिकेने आरशात पाहिलं आणि तीही खुलली.

बेबीताईने पाहिलं. चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. नायिकेची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला आणि परत पाहिलं. मघाशी होता तसाच होता. स्पंज लागला त्याच्या आधी जसा, तसाच नंतर. खोलीतल्या प्रत्येकाला काहीतरी घडलेलं दिसलं होतं आणि तिला काहीच घडलेलं दिसलं नव्हतं. सकाळपासून ती कोणावर ना कोणावर संशय घेत होती. आता संशय घ्यायलाही कोणी उरलं नाही. तिला भीती वाटली.

"मग हे असंच ठेवू या की," दिग्दर्शक म्हणाला. एकदा चेहरा मिळाल्यावर त्याचा स्वभाव एकदम मोकळा झाला होता. "तुम्ही करायचं, हिने शेवटचा हात फिरवायचा. प्रमुख म्हणून तुमचंच नाव राहू दे, बेबीताई. माझी काही हरकत नाही."

"झालं तर!" दादा म्हणाला. "मी म्हणतच होतो."

बारकी पटकन म्हणाली, "चालेल. मला चालेल."

सगळे बेबीताईकडे बघायला लागले. तिने फक्त हो म्हणायचं होतं. नाव राहणार होतं, खुर्ची राहणार होती, पोरगी डोळ्यांसमोर राहणार होती. शिवाय आता तर सगळं उघड होतं, चोरीही नव्हती. मग हो म्हणायला जीभ का उचलत नव्हती? तिने बारकीकडे पाहिलं. पोर खरी कशी दिसते, गोरी की सावळी, तेही आता तिला छातीठोक सांगता आलं नसतं. पण ती दमलेली होती. ते कळायला रंग लागत नव्हता.

"नाही जमायचं," बेबीताई म्हणाली. "ही मोकळी नाही."

"म्हणजे?"

"हिला दुसरीकडे प्रमुख म्हणून बोलावलंय. हिने हो म्हटलंय."

"मी कुठे हो म्हटलं?" बारकी ओरडली.

"मी म्हणतेय ना." बेबीताई दिग्दर्शकाकडे वळली. "आत्ता हिने पुसलं ते तुम्हाला दिसलं. मला नाही दिसलं. काही म्हणजे काहीच नाही. मी डोळे दाखवून येते, करायचे ते करून येते. तोवर थांबता आलं तर थांबा. नाही तर दुसरं कोणी बघा. मी राग नाही मानणार." मग तिला वाटलं, आज तरी खरं बोलावं. "मानेन, पण तुम्हाला सांगणार नाही."

"बेबी, वेड लागलंय का तुला?" दादा पुढे आला. "मास्तरांपासूनचं काम आहे हे!"

"मास्तर असते तर त्यांनी आधी मला खुर्चीतून उठवलं असतं, दादा."

दिग्दर्शक गोंधळून कॅमेरामनकडे बघायला लागला. चेहरा मिळाला होता आणि करणाऱ्या दोघीही निघाल्या होत्या, याला काय म्हणावं ते त्याला सुचेना. "मी... मी वर विचारून सांगतो," असं काहीतरी तो पुटपुटला.

बारकी आईचा हात धरायला पुढे आली आणि हात रंगाने भरलेले आहेत हे लक्षात येऊन तशीच थांबली. "आई, ऑपरेशन होऊनही नाही दिसलं तर?"

"तर तुझ्याकडे येईन. त्या ऐतिहासिक मालिकेत म्हाताऱ्या असतीलच की. रेघा मी ओढेन, रंग तू भर. तुझ्या हाताखाली ठेवशील ना?"

"आई, असं काय बोलतेस!"

"ठेवशील की नाही, ते सांग. आणि आधी फोन लाव."

बारकीने रंगलेले हात तसेच वर धरले होते. तेव्हा वहिनीनेच तिच्या खिशातून फोन काढला, कालचा नंबर शोधून लावला आणि तिच्या कानाशी धरला. पलीकडे घंटी वाजताना सगळ्यांना ऐकू येत होती. दादा तोंड फिरवून विगशी खेळत होता. कोणीतरी हॅलो म्हणालं.

आईकडे बघत बघत बारकी म्हणाली, "मी बोलतेय. तुम्ही काल विचारलंत ना? हो. येते मी."